अंगठ्याची जागा

बेकर्स बेंड
९ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

माझ्या या दोन हातांनी आजवर काय काय घडवलं ते एकदा लिहूनच काढतो, म्हणजे तुझं ते एक वाक्य मला का झोंबलं ते तुला कळेल. आपल्या आईचं स्वयंपाकघरातलं टेबल. बाबांची शवपेटी, सबंध अक्रोडाची, एकही खिळा न मारता. चर्चचा मागचा दरवाजा, जो पुरात फुगला नाही. पुढचा फुगला, तो विकतचा होता. दोन होड्या, पैकी एक अजून तरंगते. तुझ्या लग्नातला फळ्यांचा झोपाळा. आणि बंदुकांचे दस्ते, खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड. पहिला दस्ता मी एका फुटक्या दस्त्याच्या चिरफळ्या समोर मांडून शिकलो. कुणाच्या हाताखाली नाही, कुठल्या शाळेत नाही. आता पाच परगण्यांतून माणसं येतात. आणि या सगळ्यात उजवं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी तुझ्या बावीस बोरच्या रायफलीच्या दस्त्याचं नाव घेतो.

आणि तू लिहितेस, "नव्या कायद्याचं झेंगट नको, दस्ता काढून तुझा तुला परत पाठवते."

झेंगट! तो कायदा मी आणून वाचला. गोळी सुटली की आपली आपण पुढची गोळी भरून घेणारी रायफल, आणि तिच्या दस्त्याला अंगठा आरपार घालायचं भोक, ही जोडी तुमच्या राज्यात एक जानेवारीपासून बंद. नोंद करा, काढून टाका, नाहीतर राज्याबाहेर पाठवा. मला एक सांग, लाकडाला भोक पाडल्याने रायफल जास्त दुष्ट होते का? ते भोक मी तुझ्यासाठी पाडलं. तुझे सांधे तेव्हा नुकते धरू लागले होते. मनगट न मुरडता पकड यावी म्हणून तुझा हात कणकेत दाबून घेतला, त्यावरून आकार काढला, आणि आतली कड तुझ्या अंगठ्याच्या दुसऱ्या पेरापाशी बरोबर गोल केली.

इथे आमच्या नेमबाजांच्या क्लबात काल हाच विषय होता. गेलॉर्ड म्हणाला, "उद्या म्हणतील डोनटलाही भोक आहे, नोंद करा." सगळे खिदळले. मला हसू आलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, हा कायदा मागे घेईपर्यंत मी नदीवरचा पूल ओलांडून तुमच्या राज्यात पाऊल टाकणार नाही. तेव्हा तूच इकडे ये. रायफल माझ्याकडे ठेव, नदीच्या या बाजूला नेम धर, कुणी विचारणार नाही. नाहीतर सरळ नोंद कर. पण परत पाठवू नकोस.

फोन करू नकोस. फोनवर मला काही ऐकू येत नाही, आणि माझं "काय? काय?" ऐकून तू चिडतेस.

तुझा
लोवेल

मिल प्रेअरी
२० सप्टेंबर

प्रिय लोवेल,

अरे शहाण्या, चारचौघांत ती शपथ क्लबात कशाला घेतलीस? आता पाळावी लागेल. इस्टरला पातेलंभर बटाट्याचं सॅलड एकटा खाऊन गेलास, आता ख्रिसमसला काय पुलाच्या या टोकाला उभं राहून ते तुझ्याकडे फेकू?

आमच्याकडेही मीटिंग झाली. टिमन्स आडनावाचा तो गुरांचा डॉक्टर खुर्चीवर उभा राहून ओरडला, "माझ्या रायफलीला हात लावून दाखवा!" मग खुर्चीचा पाय मोडला. कुणी म्हणालं नोंद करू नका, कुणी म्हणालं करा, कुणी म्हणालं वकील गाठा. शेवटी निम्मे लोक माझ्याकडे आले. काउंटीच्या कचेरीत सगळी नोकरी केली मी, अर्ज भरायला आणखी कोण मिळणार? मी बसून सगळ्यांचे अर्ज भरून दिले. टिमन्सचासुद्धा. त्याने सही करताना डोळे मिटून घेतले होते.

कायदा मला आवडला असं नाही. पण आवडो न आवडो, तो झालाय, आणि मी जन्मभर लोकांना तेच सांगत आले. माझ्यापुरतं विचारशील तर मला नोंदबिंद करायची नाही. दस्ता मी परवा पोस्टाने पाठवलाय. रायफलीचा कारखान्यातला जुना दस्ता माळ्यावर आहे, तो बसवून घेईन. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हॅमची नेमबाजी आहेच. सलग चार वर्षं बक्षिसाची अख्खी हॅम, खारवलेली डुकराची मांडी, मी घरी आणली आहे, यंदाही आणीन.

रागावू नकोस. जेवतोस ना वेळेवर?

व्हर्ना

बेकर्स बेंड
२ ऑक्टोबर

व्हर्ना,

पार्सल मिळालं. नीट बांधलं होतंस, सुतळीच्या गाठीसुद्धा सैल मारल्यास, सोडायला त्रास पडला नाही.

दोन गोष्टी मला कळत नाहीत. टिमन्ससारख्या ओरडणाऱ्या माणसाचा अर्ज तू भरून देतेस, आणि स्वतःचा भरत नाहीस. तुझी पेन्सिल तिथेच, कागद तिथेच. तुला कायद्याचा राग असता तर मी समजलो असतो. पण तुला राग नाहीच. तुझ्या पत्रात राग कुठेच नाही.

दुसरी गोष्ट. दस्ता मी खिडकीपाशी धरून पाहिला. वापरातला दस्ता कसा असतो ते मला डोळे मिटूनही कळतं. गाल टेकतो तिथे चकाकी येते. अंगठा जातो तिथे लाकूड काळवंडतं, हाताचं तेल पिऊन. तुझ्या दस्त्याला गालाच्या जागी चकाकी आहे, पण ती जुनी. आणि भोकाच्या आत धूळ आहे. बारीक, मऊ, न हललेली धूळ. तिथे अंगठा जाऊन किती महिने झाले व्हर्ना?

म्हणजे कायदा नुसतं निमित्त. तुला तो आवडतच नव्हता. तसं तोंडावर सांगायचं होतंस. मी कारागीर आहे, रडणारं पोर नाही. कारखान्यातला तो बीच झाडाच्या लाकडाचा, यंत्राने छापलेला ठोकळा तुला बरा वाटतो, तर वापर खुशाल. माझा दस्ता मी फळीवर ठेवला आहे, भिंतीकडे तोंड करून.

लोवेल

मिल प्रेअरी
१५ ऑक्टोबर

प्रिय लोवेल,

अक्षर बघून दचकू नकोस. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून मी सांगतेय आणि शेजारची कॉर्लिस लिहून घेतेय. कॉर्लिस तुला आठवते ना, शाळेत भूगोल शिकवायची, तिने भट्टीत भाजलेल्या रबार्बच्या गोड 'पाय'चे तू तीन तुकडे खाल्ले होतेस. (चार. – कॉ.)

तू वेड्यासारखं काहीतरी मनात घेऊन बसलायस. दस्ता मला आवडत नव्हता असं तुला वाटलंच कसं? तो दस्ता घेऊन मी मैदानावर उभी राहायचे तेव्हा टिमन्ससुद्धा पुढे येऊन विचारायचा, "जरा हातात देता का बाई?" धुळीचं म्हणशील तर गेल्या हिवाळ्यापासून मला सवडच झाली नाही. कोंबड्या, चर्चची विक्री, छपराची गळती. एवढंच. दुसरं काही नाही. भिंतीकडे तोंड केलंयस त्याचं, ते फिरव बघू आधी.

हॅमला मी जुन्याच दस्त्याने उतरणार आहे. जिंकले की निम्मी तुला पाठवीन, पोस्टात कुत्र्यांनी खाल्ली नाही तर.

प्रेमाने,
व्हर्ना

लोवेल, हे खालचं मी माझ्या मनाने लिहितेय. ती चहा ठेवायला आत गेली आहे आणि किटली उचलायला तिला वेळ लागतो, म्हणून तेवढा वेळ माझ्याकडे आहे. चष्मा तिच्या नाकावर आहे. हाताचं बिघडलंय. उजवा हात या महिन्यात तर मिटेनासाच झालाय, पेनही धरवत नाही. डब्यांची झाकणं मी येऊन उघडते, कोटाची बटणं मी लावते. जुलैत गुरुवारच्या बायकांच्या नेमबाजीला तिने हट्टाने अंगठा त्या भोकात घातला आणि तो तिथेच सुजून अडकला. सगळ्या जणी भोवती गोळा झाल्या. मी भांड्यांचा साबण आणून ओतला तेव्हा कुठे निघाला. ती हसत होती, "लोवेलचं काम बघा किती नेटकं, सोडतच नाही!" गाडीत बसल्यावर रडली. तेव्हापासून रायफल कपाटात आहे. कायदा आला त्या दिवशी मला म्हणाली, "सुटले गं. आता त्याला खरं सांगायला नको." जुना दस्ता तिने बसवलेला नाही. हॅमला ती उतरणार नाही, जिंकल्याचं तेवढं तुला लिहिणार आहे. हॅम विकत आणायची असं आमचं ठरलंय. किटली वाजली.

कॉर्लिस

बेकर्स बेंड
१९ ऑक्टोबर

कॉर्लिसबाई,

उपकार झाले तुमचे. माझं मागचं पत्र तिने वाचलं तेव्हा तुम्ही तिथे होता का, मला सांगू नका.

आता एक काम करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तेवढं कोमट पाणी. घट्ट मळा, हाताला चिकटता कामा नये. लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान गोळा. तिला म्हणावं, सहज धर. दाबू नको, ताणू नको, दुखेल तिथे थांब. बोटं जशी पडतील तशी पडू देत. अंगठा कुठे जातो तो जाऊ दे, त्याला कुणी जागा दाखवू नका. मग मंद आचेवर भाजा, तपकिरी होऊ देऊ नका. कापसात गुंडाळून पाठवा. चर्चच्या मुलांच्या हस्तकलेसाठी हवंय असं काहीतरी सांगा तिला.

ती सकाळी हात कसा धरते आणि संध्याकाळी कसा, तेही लिहा. सकाळचा जास्त आखडलेला असेल. मला सकाळचा हात हवाय.

लोवेल डिर्क्स

मिल प्रेअरी
१ नोव्हेंबर

लोवेल,

हे मी स्वतः लिहितेय. वाकडं आहे. वाच.

चर्चची मुलं! अरे ठोंब्या, पहिल्या दस्त्याच्या वेळी असाच गोळा माझ्या हातात दिला होतास. कॉर्लिसने मळायला घेतला तेव्हाच मला कळलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बरणी उघडायची होती.

तुला खरं सांगितलं असतं तर तू रात्रंदिवस बसून दुसरा केला असतास. मग तोही बसेना, मग तिसरा. तुझा चेहरा मला बघवला नसता. म्हणून कायद्यावर ढकललं. त्याला बिचाऱ्याला काय, इतके लोक शिव्या देतायत, त्यात माझं एक खोटं.

गोळा पाठवतेय. सकाळचाच आहे. पण यातून काही निघणार नाही. अंगठा बघ कसा कडेला पडलाय, मेलेल्या माशासारखा.

हात थांबला.
व्ह.

बेकर्स बेंड
१४ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ना,

सोबतचं पार्सल कॉर्लिसकडून उघडून घे. तू सुरीने उघडू नकोस.

काय झालं ते क्रमाने सांगतो. गोळा आला, मी तो शिकंज्यात आवळला नाही, नुसता टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसलो. चार बोटं सैल वाकलेली आहेत, त्यांचं काही अडत नाही. अडतो अंगठा. तो वळत नाही, मिठी मारत नाही, बोटांच्याच बाजूला आडवा पडतो. आजवर मी घडवलेला प्रत्येक दस्ता अंगठ्याला पलीकडे जायला सांगतो. तुझा जायला तयार नाही. मला सुचेना. गेलॉर्डला दाखवलं. तो म्हणाला, "असल्या हाताला दस्ता कसा होणार? याला तर पलीकडच्या त्या कायद्यातला दस्ता लागेल."

तो चेष्टा करत होता. मी घरी येऊन कायदा पुन्हा काढला. त्यात लिहिलंय की ज्या पकडीत अंगठा दस्त्याच्या आरपार जातो किंवा पिस्तुलासारख्या मुठीला वळसा घालतो, ती पकड नको. तिकडचे लोक त्यावर तोडगा म्हणून दस्त्याला माशाच्या परासारखी एक उभी फळी लावतात, अंगठा पलीकडे जाऊच नये अशी. मी असल्या फळ्यांना आजवर हसत आलो. कुरूप दिसतात. पण अंगठा पलीकडे जाऊ नये, तो बोटांच्या बाजूलाच निजावा, हेच तर तुझा हात सांगत होता.

ते कळलं त्या दिवशी मी रात्रीपर्यंत लाकूड तासत बसलो. जेवलोही नाही, मागे विचारलं होतंस म्हणून सांगतो.

त्या कायद्याला मी धन्यवाद देणार नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोक्यात तुझा हात नव्हता, माझ्याही डोक्यात नव्हता, हे खरं. दस्ता बघ. भोक नाही. उजव्या अंगाला, चापाच्या जरा वर, एक उथळ खळगा आहे, तिथे अंगठा ठेव. मेलेल्या माशाला निजायला ताट लागतं, तेवढंच मी केलंय. तळहाताखाली लाकूड फुगवलं आहे, म्हणजे आवळायला नको, नुसता हात टेकला की रायफल खांद्यात बसते. तळाशी माप जास्त ठेवलंय, मुद्दाम. हात बदलेल तसं तासता येईल. लाकूड पूर्वीच्याच झाडाचं.

बसव, आणि खरं काय ते लिही. नाही जमलं तर "जमलं नाही" लिही. मला बघवेल.

लोवेल

मिल प्रेअरी
१ डिसेंबर

प्रिय लोवेल,

(लिहिणारी कॉर्लिस. यावेळी चष्म्याचं कारण नाही, बटाटे सोलून तिचा हात दुखतोय असं खुल्लमखुल्ला आहे.)

हॅम मिळाली नाही. आधी तेच सांगते म्हणजे तू शेवटपर्यंत श्वास धरून बसणार नाहीस. हॅम टिमन्सच्या बायकोने नेली. मला बेकनची पट्टी मिळाली, पाच पौंडांची, आणि तीही मला हॅमपेक्षा गोड लागली.

मैदानावर गेले तेव्हा सगळे दस्त्याभोवती जमले. टिमन्स म्हणाला, "बाई, हा काय बुटाचा साचा आहे?" मी म्हटलं, "हो, डाव्या पायाचा, उजवा तुमच्या डोक्यात घालायला ठेवलाय." एकाने खाली वाकून बघून कायद्याचं कलम म्हणून दाखवलं आणि म्हणाला, यात बसतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. पहिल्या गोळीला मी दस्ता आवळायला गेले आणि झाडच मारलं. मग तुझं पत्र आठवलं, आवळू नको. हात नुसता टेकवला. अंगठा त्या ताटात निजवला. आणि लोवेल, रायफल स्वतःच उभी राहिली, मी धरलेली नाही. नेमाच्या लोखंडी पाट्या एकामागून एक पडल्या. शेवटची पडली तेव्हा मी खाली बघितलं, माझाच हात आहे का.

दुखलं नाही. हे कॉर्लिसला मी दोनदा लिहायला सांगतेय. दुखलं नाही.

एक गृहस्थ आला होता, शहरातला, रायफलीच्या सामानाची कंपनी आहे म्हणे त्याची. दस्त्याचे फोटो काढले, किती वेळा उलटासुलटा केला. कुणी घडवला विचारलं. मी तुझा पत्ता दिला. चूक केली का?

ख्रिसमसला बेकन ठेवतेय. तुझी शपथ काय म्हणते?

व्हर्ना

बेकर्स बेंड
१२ डिसेंबर

प्रिय व्हर्ना,

चोवीस तारखेला दुपारी येतो. गेलॉर्डने पुलापर्यंत सोडायचं कबूल केलंय. तो पुलाच्या अलीकडे थांबणार, मी पलीकडे जाणार. शपथेबद्दल तुमच्याकडे कुणी अवाक्षर काढायचं नाही, टिमन्सला विशेष सांगून ठेव. कानस आणि काचकागद सोबत आणतोय. बेकन जाड काप.

तो गृहस्थ मंगळवारी आला होता. नाव शेल्टन. माणूस वाईट नाही. बूट दारात काढले, कॉफी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि माझ्या कमी ऐकू येण्याचा कंटाळा न करता कागदावर लिहून दाखवत बसला. म्हणाला, नदीपलीकडच्या राज्यात असा नियमात बसणारा दस्ता मागणारे हजारोंनी आहेत, आणि हातापायाने अधू झालेलेही त्यात पुष्कळ. तीन मापांत यंत्रावर काढू. तुमचं नाव लाकडावर कोरू. व्हर्ना, खोटं सांगत नाही, मला आनंद झाला होता. नाव लाकडावर! मी कुठे शिकलो हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, याने विचारलं.

मग त्याने करार पुढे केला. मी सगळा वाचला, दोनदा. सहावं कलम असं होतं की सही केल्यावर तो आकार कंपनीचा. मी तो पुन्हा घडवायचा नाही, त्यात फेरबदल करायचा नाही, कुणासाठीही.

मी विचारलं, "बहिणीसाठीही नाही?"

तो म्हणाला, "त्यांना यंत्रावरचा पहिला नग आम्ही फुकट पाठवू."

मी विचारलं, "आणि वसंतात तिचा हात आणखी वळला तर?"

त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "तीन मापं आहेत."

मी त्याला सांगितलं, आकार तुमच्या लोकांना बघून करता येईल तसा करा, मी कोर्टात जाणार नाही, अधू माणसांना उपयोग होत असेल तर होऊ दे. माझं नाव नको. पण माझी कानस मी कुणाला बांधून देणार नाही. कलम काढा म्हटलं, तर वरचे ऐकायचे नाहीत म्हणाला. दारात बूट घालता घालता त्याने आकडा वाढवून पुन्हा एकदा विचारलं. अडतीस हजार डॉलर. मी नाही म्हणालो.

लोवेल